सुरीची मूठ घडवताना: शिसव, टेंभुर्णी आणि पितळी तारकशी

घरी घडवलेल्या सुऱ्यांच्या मुठी बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे बिघडतात. फळ्या चिकटल्यावर आठवतं की पुढची कड घासायची राहिली. तारकशी, म्हणजे लाकडात तार बसवून केलेली नक्षी, सुंदर जमल्यावर मुठीला गोलाई द्यायला घेतात आणि तार कानशीखाली निघून जाते. पावसाळ्यात बसवलेलं लाकूड मार्चमध्ये आक्रसतं आणि पोलादाची कड बोटाला टोचू लागते. यातली एकही चूक हाताच्या कसबाची नाही, म्हणून इथे मी क्रमावरच जास्त बोलणार आहे.

सुरी पूर्ण टँगची धरली आहे. टँग म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. इथे तो मुठीच्या शेवटापर्यंत अखंड जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या बसतात. पहिली सुरी करत असाल तर स्वयंपाकघरातलीच करा. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडू शकतात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या वापरासाठीच्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. खंजिराच्या आकाराच्या हौशी वस्तू करण्याआधी हे ध्यानात असू द्या.

## १. आधी पुठ्ठा

पूर्ण सुरीचा आकार जाड पुठ्ठ्यावर काढून कापा आणि तो हातात धरून बघा. मध्यम हातासाठी मुठीची लांबी ११५ ते १३० मिमी आणि मधली जाडी २० ते २२ मिमी ठीक बसते. पिनांच्या (फळ्या टँगला धरून ठेवणाऱ्या पितळी सळयांच्या) जागा आणि जडावाची, म्हणजे शिंपला किंवा तार बसवण्याची, जागा याच पुठ्ठ्यावर नक्की करा. दोन्हींत किमान ६ ते ७ मिमी अंतर हवं. नक्षी नंतर बघू म्हणणाऱ्याची वेल हमखास पिनेवर येऊन आदळते.

## २. पातं: भोकं आधी, भट्टी नंतर

पोलादावर इथे थोडक्यातच सांगतो. नव्या हाताला १०८४ सारखं साधं कार्बन पोलाद सोपं जातं, पाठीला ३ मिमी जाडी पुरते. ईएन-३१ म्हणजे बेअरिंगचं पोलाद सहज मिळतं, पण ते ८४५ अंशांच्या आसपास काही मिनिटं स्थिर धरावं लागतं. घरच्या कोळशाच्या भट्टीत ते जमत नाही. ट्रकचा जुना कमानपाटा फुकट मिळतो खरा, पण वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी त्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात.

क्रम असा: आकार कापा, टँगमध्ये पिनांची भोकं पाडा, दोन-तीन जास्तीची भोकंही पाडा (त्यांतून इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा चिकटवा, आरपार जाऊन दोन्ही फळ्यांना धरतं), पात्याचा धारेकडचा उतार घासा, धारेकडे साधारण ०.७ मिमी जाडी राखा, आणि मगच पाणी द्या, म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक करा. कडक झालेल्या पोलादात साधा ड्रिल बिट शिरत नाही, कार्बाइडचा लागतो.

१०८४ ला साधारण ८१५ अंश लागतात. चुंबक चिकटायचं थांबतं ते सुमारे ७७० अंशांना, म्हणजे त्याच्या थोडं पुढे जायचं. मग ५० अंशांपर्यंत कोमट केलेल्या तेलात सरळ बुडवा. तेलाचं भांडं धातूचंच हवं आणि त्याचं झाकण हाताशी. लगेच २०० ते २०५ अंशांना दोन-दोन तास असं दोनदा टेंपर करा, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून ठिसूळपणा घालवा. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. हे सगळं नको असेल तर भोसरी, सातपूर, शिरोलीसारख्या औद्योगिक पट्ट्यांत हीट ट्रीटमेंट करून देणारे आहेत. त्यांना पोलादाचा ग्रेड सांगा आणि रॉकवेल सी (कडकपणाचं माप) ५९-६० मागा.

पात्याचं घासकाम आणि चमक आत्ताच पूर्ण करा. धार मात्र अजिबात काढू नका.

तपासा: टँग सरळ आहे का? काचेवर ठेवून दोन्ही बाजूंनी दाबून बघा. हलली तर पुढे जाऊ नका, वाकड्या टँगवर कोणतीच फळी नीट बसणार नाही.

## ३. लाकूड: काय घ्यावं आणि कशाला हात लावू नये

दुर्मीळ म्हणजे परदेशातून मागवलेलं, असं मानायचं कारण नाही. टेंभुर्णीची पानं आपल्याला विडीमुळे माहीत आहेत. जुन्या झाडाच्या गाभ्यात मात्र काळंभोर, एबनीच्या जातकुळीतलं लाकूड सापडतं, कधी राखाडी रेषांसकट. खानदेशातला अंजन इतका जड की पाण्यात बुडतो. चिंचेचा गाभा जांभळट तपकिरी, चिवट. खैर लालसर आणि घट्ट, जुन्या मुसळांचं लाकूड. आणि शिसव आहेच.

मिळवायचं कुठून? पाडलेल्या वाड्यांचं सामान विकणारे, जुन्या फर्निचरचे व्यापारी, सुतारांच्या दुकानातले तुकडे. मुठीला १३० × ४० × १० मिमीच्या दोनच फळ्या लागतात, त्यामुळे मोडक्या शिसवी पलंगाच्या एका पायात अनेक मुठी निघतात. शिवाय ते लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं असतं. मला विचाराल तर नव्या महाग ठोकळ्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

आता कशाला हात लावायचा नाही ते. रक्तचंदन आणि चंदन कोणी स्वस्तात देऊ केलं तर तिथून निघा. झाड तोडून आणलेलं शिसव किंवा खैर घ्यायचं तर तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास विचारा. शिसव आणि उत्तरेकडचा शीशम ज्या डाल्बर्जिया गटात येतात, तो गट जानेवारी २०१७ पासून सायटिसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीत आहे. म्हणून शिसवी मुठीची सुरी परदेशी नातेवाइकांना पाठवण्याआधी तेव्हाचे नियम पाहा. हस्तिदंत नाहीच, सांबराचं शिंगही नाही, गळून पडलेलं आहे असं विकणारा सांगत असला तरी. म्हशीचं शिंग चालतं.

सावध: बिब्ब्याचं लाकूड चुकूनही घेऊ नका. त्याच्या रसाने कातडी भाजते. शिसवाच्या भुकटीनेही पुष्कळांना खाज आणि शिंका येतात. एन-९५ मास्क पहिल्या कानशीपासून लावा, फक्त मशीन चालवताना नव्हे.

## ४. वाळवणं: इथेच निम्मी कामं फसतात

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ते साधारण १७-१८ टक्के ओलाव्यावर स्थिर होतं. कडक उन्हाळ्यातल्या २५ टक्के आर्द्रतेला तेच ५ टक्क्यांवर येतं. रत्नागिरीत जुलैत बसवलेली मूठ मे महिन्यात नागपूरच्या स्वयंपाकघरात गेली तर काय होईल ते यावरून कळेल. पोलाद तसंच राहतं, लाकूड आडवं आक्रसतं, आणि टँग सगळीकडून वर येते. उलट प्रवासात लाकूड फुगून पिनांभोवती फाटतं.

काम करण्यायोग्य ओलावा ८ ते १२ टक्के. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो:

१. ठोकळ्यापासून फळ्या आधीच थोड्या जाड, १३-१४ मिमी कापा. जाड ठोकळा वाळवून मग कापला तर आतला ओलसर भाग उघडा पडतो आणि फळी वाकते.
२. फळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा फेव्हिकॉलचा थर द्या. टोकांतून ओलावा सगळ्यात वेगाने निघतो आणि भेगा तिथूनच सुरू होतात. टेंभुर्णी यात विशेष कुप्रसिद्ध आहे.
३. मध्ये काड्या घालून, सावलीत, हवेशीर जागी रचा. उन्हात नाही, ओव्हनमध्ये नाही, फ्रिजच्या मागे नाही.
४. प्रत्येक फळीवर तारीख आणि वजन लिहा. दर आठवड्याला पुन्हा तोला. ओळीने तीन-चार आठवडे वजन हललं नाही, की लाकूड तिथल्या हवेशी जुळलं.

ओल्या लाकडाला दर इंच जाडीमागे वर्ष हा ढोबळ हिशेब आजही बरोबर आहे. वाड्यातल्या तुकड्याला एवढं लागत नाही, पण फळ्या कापल्यावर त्यालाही दोन-तीन आठवडे द्याच.

वजन पावसाळ्यातही स्थिर होतं, पण १७ टक्क्यांवर. त्यामुळे कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर फक्त कापा, रचा आणि पाती घडवा. फळ्या चिकटवण्याचं काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा. घाईच असेल तर वाळलेल्या फळ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवून तिथूनच काढून वापरा.

## ५. फळ्या सपाट करणं

जाड काचेवर १२० चा पॉलिश पेपर चिकटवा आणि फळीची आतली बाजू त्यावर घासा. बोटं फळीच्या मधोमध ठेवा. टोकावर जोर दिला की फळी होडीच्या तळासारखी होते. पेन्सिलीने आतल्या बाजूवर जाळी काढा. सगळ्या रेषा एकदम पुसल्या गेल्या म्हणजे सपाट.

एकाच ठोकळ्यातून पुस्तकाच्या पानांसारख्या उघडलेल्या दोन फळ्या निघाल्या असतील तर आतल्या बाजूला लगेच "डावी", "उजवी" आणि पात्याकडे बाण लिहा. पुढे चार वेळा त्या उचलून ठेवाल, आणि एकदा तरी उलटी लावाल.

टँगच्या दोन्ही बाजू ६० च्या पेपरने खरखरीत करा. शक्य असेल तर टँगच्या मध्यभागी अगदी किंचित खोलगट घासा, कडा तशाच ठेवून. कडा फळीला घट्ट भिडतात आणि इपॉक्सीला मधे जागा मिळते.

फळी आणि टँग यांच्या मध्ये लायनर, म्हणजे एक पातळ थर, घालायची शिफारस मी करतो. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातला लेदरॉइड कागद या कामाला छान आहे. लाकूड आणि पोलाद यांच्या वेगवेगळ्या हालचालीत तो थोडा मऊपणा देतो, आणि खैर-बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडावर लोखंडाचे काळे डाग उमटायचं प्रमाणही कमी होतं.

तपासा: फळी टँगवर ठेवून दिव्यासमोर धरा. कुठूनही उजेड दिसला तर परत काचेवर. क्लॅम्प आवळून फट मिटवू नका. लाकूड ताणात चिकटतं आणि सहा महिन्यांनी सुटतं.

## ६. पिनांची भोकं

१. डावी फळी टँगवर क्लॅम्प करा, खाली टाकाऊ लाकूड ठेवा (नाहीतर बाहेर पडताना बिट चिरा उडवतो).
२. टँगच्या भोकातूनच पहिलं भोक पाडा. लगेच त्यात पिन सरकवा, म्हणजे फळी हलणार नाही. मग दुसरं भोक.
३. डावी फळी काढा. उजवी दुसऱ्या बाजूला लावून तसंच करा.
४. शेवटी दोन्ही फळ्या, लायनर आणि टँग एकत्र ठेवून सगळ्या पिना घालून पाहा.

पिन बोटाच्या दाबाने शिरली पाहिजे. ती हातोडीने ठोकावी लागत असेल तर भोक लहान आहे. आज काही दिसणार नाही, पण लाकूड फुगलं की बरोबर तिथूनच फाटेल. ५ मिमीची म्हणून घेतलेली पितळी सळई व्हर्नियरने मोजा, ती नेमकी ५ मिमी असतेच असं नाही.

शिसव, अंजन यांत बिट चटकन तापतो. दर काही मिलिमीटरला बाहेर काढून भुसा झटका. भोकाच्या भिंती जळून काळ्या, गुळगुळीत झाल्या तर इपॉक्सी धरत नाही.

## ७. पुढची कड: सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी

फळ्यांची पात्याकडची कड चिकटवल्यावर घासता येत नाही, घासायला गेलात तर पात्यावर ओरखडे येतात. म्हणून टँग बाजूला ठेवा, दोन्ही फळ्या पिनांनी एकमेकींना जोडा आणि पुढची कड एकत्रच आकारा. १२०, २२०, ४००, ६०० या क्रमाने घासा आणि अगदी शेवटी ठेवायची तेवढी चमक आत्ताच द्या. दोन्ही फळ्या जोडलेल्या असल्यामुळे कडा आपोआप सारख्या येतात.

## ८. चिकटवणं

पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी घेऊ नका. सावकाश, रात्रभर लागणारं घ्या. आधी एकदा कोरडी तालीम करा: सगळं जोडा, क्लॅम्प लावा, काढा. क्लॅम्प, कापूस, इअरबड, अॅसिटोन हाताशी आलं की मगच इपॉक्सी मिसळा.

पातं जाड कागदात गुंडाळून टेपने बंद करा. फळीच्या अगदी पुढे पात्यावर मेणाचा पातळ हात फिरवा. टँग आणि फळ्यांच्या आतल्या बाजू अॅसिटोनने पुसा. शिसव आणि टेंभुर्णी तेलकट असतात. पुसल्यानंतर तासाभरात चिकटवलं नाही तर तेल पुन्हा वर येतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेलं मिसळलेली असतात. दमट हवेत अॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार होऊन त्यावर दव धरतं, तेव्हा पुसल्यावर काही मिनिटं थांबा.

इपॉक्सीचे दोन भाग डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात घ्या. प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, ते नीट वाचा, दोन्ही आकडे वेगळे असतात. सगळ्या पृष्ठभागांवर लावा, पिनांनाही. क्लॅम्प बेताने आवळा, फक्त कडांतून इपॉक्सी सगळीकडे सारखं डोकावेल इतका. जास्त आवळलं की सगळं बाहेर येतं आणि आत सांधा कोरडा राहतो.

सावध: पुढच्या कडेला आलेलं इपॉक्सी अॅसिटोनमध्ये बुडवलेल्या इअरबडने लगेच पुसा. अर्ध्या तासाने पुन्हा बघा, ते परत ओघळलेलं असतं.

२४ तास हात लावू नका. पुण्या-नाशकातल्या डिसेंबरच्या थंडीत दोन दिवस द्या.

## ९. मुठीला आकार

पिनांची टोकं हॅक्सॉने कापा आणि कानशीने लाकडाच्या पातळीला आणा. इथे पॉवर टूल वापरणारे हमखास फसतात. पितळ उष्णता आत नेतं, आणि घरगुती इपॉक्सी साधारण ६० ते ७० अंशांना मऊ पडू लागतं. वरून सगळं ठीक दिसतं, आत पकड गेलेली असते. नियम सोपा: पिनेवर बोट टेकवता आलं पाहिजे. नाही टेकवलं जात, तर थांबा.

बाजूचा आकार आधी टँगच्या रेषेपर्यंत आणा, मग गोलाई. गोलाईसाठी कडांवर पेन्सिलीने समांतर रेषा मारा आणि ४५ अंशांत कड उतरवा, मग त्या नव्या कडा. डोळ्याच्या अंदाजाने गोल करायला गेलात तर एक बाजू पोट काढते. दर थोड्या वेळाने मूठ हातात धरा, डोळे मिटून. जिथे टोचते तिथेच घासा.

शिंपला बसवायचा असेल तर फळीच्या मध्यावर सुमारे १५ मिमी रुंदीचा पट्टा सपाट ठेवा. १२० च्या पेपरपर्यंत या आणि इथे थांबा.

## १०. शिंपला

शिंपल्याचे तुकडे साधारण १.२ ते १.५ मिमी जाड आणि सपाट असतात. गोल पृष्ठभागावर बसवले तर घासताना कडेला पातळ होऊन आरपार जातात. त्या सपाट पट्ट्याचं कारण हेच. खरेदी करताना मोत्याच्या शिंपल्यांचे तयार तुकडे घ्या. नॉटिलससारखे संरक्षित प्राणी टाळा.

आकार कागदावर काढून शिंपल्यावर चिकटवा. सोनारी करवतीने कापा, तुकडा व्ही-खाचेच्या पाटीवर धरून. करवत सरळ वर-खाली, तुकडा फिरवायचा. पाणी शिंपडत राहा, कारण शिंपल्याची भुकटी फुप्फुसाला घातक असते.

कापलेला तुकडा लाकडावर ठेवून टोकदार सुईने भोवती रेघ ओढा. पेन्सिलीची रेघ जाड पडते. छोट्या रोटरी टूलमध्ये १ मिमीचा बिट लावून आतून बाहेरच्या दिशेने रेघेपर्यंत या. खोली तुकड्याच्या जाडीपेक्षा ०.२ मिमी कमी. कोपरे बारीक पटाशीने साफ करा. तुकडा न दाबता बसला पाहिजे, दाबून बसवला की तडकतो.

इपॉक्सीत त्याच लाकडाची बारीक भुकटी मिसळून बसवा. ती वाळल्यावर लाकडापेक्षा गडद दिसते. टेंभुर्णीत फट लपते. फणसासारख्या फिक्या लाकडात मात्र तुकड्याभोवती काळी किनार उमटते, तिथे जागा काटेकोरच कापावी लागते.

## ११. तारकशी

उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीचे कारागीर शीशमात पितळी तार ठोकून नक्षी करतात, तीच पद्धत मुठीवर चालते. लाकूड कोरून काढायचं नाही. पात्याने चीर पाडायची, तार तिच्यात दाबायची, लाकूडच तिला धरून ठेवतं. म्हणून बारीक, घट्ट पोताचं लाकूड हवं. सागावर हे करू नका. त्याच्या कडक-मऊ पट्ट्यांत चीर आपली वाट सोडून रेषांमागे धावते.

तार: ३० गेजच्या, म्हणजे साधारण ०.३ मिमी पितळी पत्र्याच्या २ मिमी रुंद पट्ट्या कापा. अंधाऱ्या खोलीत गॅसच्या ज्योतीवर जेमतेम लाल दिसेपर्यंत तापवा आणि हलवत राहा, एका जागी धरली तर वितळते. गार झाल्यावर चिंचेच्या कोळाने घासा, धुवा, पुसा. आता ती बोटाने वळते.

हत्यार: जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यांना १.५, ३ आणि ६ मिमी रुंदीच्या सरळ धारा काढा, दोन्ही बाजूंनी उतार देऊन. धारेपासून १.५ मिमीवर टेप गुंडाळा, खोली आपोआप सांभाळली जाते.

काम:

१. मूठ २२० च्या पेपरपर्यंत घासून घ्या. यापुढे आकार बदलायचा नाही.
२. नक्षीचा कागद चिकटवा. रेषेवर हत्यार सरळ उभं धरून हलकी ठोक द्या, मग हत्याराच्या अर्ध्या रुंदीने पुढे सरका. वळणावर १.५ मिमीचं वापरा. दोन समांतर चिरांत किमान २ मिमी अंतर ठेवा, नाहीतर मधली पट्टी उडते.
३. पट्टीची खालची कड कानशीने धारदार करा आणि बाजू कानशीवर ओढून खरखरीत करा. गुळगुळीत तार धरत नाही, वर्षभरात वर येते.
४. मधल्या मोठ्या वळणापासून सुरुवात करा. बोटाने दाबा, मग सोनारी हातोडीने हलके ठोका. ०.३ ते ०.५ मिमी वर राहू द्या. दोन तारा भेटतात तिथे एक थांबवा, दुसरी तिला फक्त टेकू द्या. एकमेकींवरून न्यायला जाऊ नका.
५. सगळी नक्षी बसल्यावर ओल्या फडक्याने एकदा पुसा, लाकूड फुगून तार आवळतं. टेंभुर्णीसारख्या फार घट्ट लाकडात पाण्याचा उपयोग कमी, तिथे पातळ सुपर ग्लूचा थेंब चिरेवर सोडा.
६. एक दिवस थांबा. मग बारीक कानशीने तारेच्या दिशेने घासा. आडवी कानस तारेला पकडून उपटते.

पहिल्या खेपेला वेल काढू नका. १ मिमीच्या पितळी तारेचे ठिपके करा: १ मिमीचं भोक, तार आत, ठोका, कापा, घासा. पाच-सात ठिपक्यांची ओळ मुठीवर वेड्यावाकड्या वेलीपेक्षा कितीतरी सुबक दिसते. आणि वेलीचा सराव मुठीआधी त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर करा.

तपासा: बोटाचं नख नक्षीवर सगळ्या दिशांनी फिरवा. कुठे अडलं तर तिथली तार वर आहे किंवा सैल आहे. सैल असेल तर आत्ताच सुपर ग्लू द्या, तेल लावल्यावर काहीही चिकटणार नाही.

## १२. शेवटचा हात

पितळ आणि लाकूड एकत्र घासताना पितळाची काळी भुकटी लाकडाच्या छिद्रांत बसते. गडद लाकडात कळत नाही, फिक्यावर ढग उमटतात. फिक्या लाकडावर आधी चपड्याचा म्हणजे शेलॅकचा पातळ थर द्या आणि मग घासा. पॉलिश पेपर कडक ठोकळ्यावर गुंडाळा. नुसत्या बोटाने घासलं तर लाकूड खचतं आणि पितळ उंचवट्यासारखं राहतं. भुकटी चोळू नका, ब्रशने झटका.

२२० नंतर मूठ ओल्या फडक्याने पुसा, तंतू उभे राहतील. वाळल्यावर ३२०, मग ४००. त्यापुढे स्वयंपाकघरातल्या सुरीला गरज नाही, ओल्या हातात ती निसटते.

आता तेल. खोबरेल, शेंगदाणा, तीळ यांपैकी काहीही नको. ती वाळत नाहीत, चिकट राहून खवट होतात. चिंच, खैर, बाभूळ यांना "बॉइल्ड" म्हणून तयार विकत मिळणारं जवसाचं तेल (घरी उकळू नका) पातळ हाताने लावा, पंधरा मिनिटांनी पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन-चार हात. शिसवावर मात्र हे जमत नाही: त्याच्यातले घटक तेल वाळूच देत नाहीत आणि मूठ आठवडाभर चिकट राहते. शिसवाला शेलॅकचा एक पातळ थर द्या आणि वर मधमाशीच्या मेणाचा हात फिरवा.

सावध: जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून कचऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा, मगच टाका.

## १३. धार

सगळ्यात शेवटी पात्यावरचा कागद काढा. ४०० च्या दगडाने प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांवर धार काढा. कडेला सगळीकडे बारीक बर (धारेपलीकडे वळलेली पोलादाची कोर) लागली की १००० आणि ३००० वर या. टोमॅटोची साल दाब न देता कापली गेली म्हणजे झालं.

सुरी कोणाला देणार असाल तर सोबत दोन गोष्टी सांगा: सिंकमध्ये भिजत ठेवायची नाही, आणि धुतल्याबरोबर पुसायची. पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा पहिला उन्हाळा गेला की नख टँगच्या कडेवरून फिरवून पाहा. पोलाद किंचित वर लागत असेल तर ४०० च्या पेपरने लाकडासकट समपातळीला आणा आणि मेणाचा एक हात द्या. नख अडण्याइतकं, अर्धा मिलिमीटरच्या वर आलं असेल तर लाकूड ओलं बसवलं गेलं आहे. तेव्हा पिना ड्रिलने काढून फळ्या बदलणं हाच उपाय, आणि नव्या फळ्यांची सुरुवात वजनाच्या काट्यापासून.